पुणं नको, नागपूर नको

रा. रा. फिटरशेठ यांस,


तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता मी या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. लिहिला तर लोक जाब विचारायच्या ऐवजी गाड्या घेऊन तुमच्या दारात रांग लावतील, आणि फुकटच्या जाहिरातीचं पाप माझ्या माथी येईल. शिवाय तुम्ही एक इसम नाही, एक धंदा आहात. तानसाच्या अंगाला आटगावपासून अघईपर्यंत, इकडे शहापूर-किन्हवली, तिकडे मुरबाड-सरळगाव-टोकावडे, जिथे जिथे माणसं एसटीची वाट बघून कंटाळतात आणि ओम्नी नाहीतर इको पकडून स्टेशन गाठतात, पोरं त्यांतूनच शाळेला जातात, तिथे तुमची किंवा तुमच्या भाऊबंदांची गरज आपोआप तयार होते. पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, आत एक वजनकाटा. गॅरेजात काटा कशाला, हे विचारायचं नसतं.

आधी अभिनंदन करतो, मग बाकीचं.

पेट्रोलची गाडी एलपीजीवर करायची तर सरकारने केवढं लचांड मागे लावून ठेवलंय बघा. सन 2000 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि गाडी गॅसवर करून घ्यायची वाट कायद्याने मोकळी झाली. 2001 मध्ये वाहनांत एलपीजी कसा वापरायचा याचा केंद्राने वेगळा आदेश काढला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 115-सी हा नियम आला. त्याप्रमाणे किट दुकानातून उचललं आणि लावलं असं चालत नाही. ते कुठल्या मॉडेलच्या, किती सीसीच्या इंजिनाला चालेल, धूर किती सोडेल, टाकी कुठे बसेल, नळी कुठून जाईल, हे सगळं आधी मान्यताप्राप्त संस्थेत तपासून घ्यायचं. आपल्याकडची त्यातली मोठी संस्था म्हणजे पुण्याला वेताळ टेकडीवरची एआरएआय, 1966 सालची. तिथला दाखलाही जन्माचा नाही, तीन वर्षांनी पुन्हा दारात जायचं. टाकीचं भारतीय मानक वेगळं, आयएस 14899. तिच्या झडपेचं आणखी वेगळं, आयएस 15100. त्यांची मंजुरी स्फोटक सुरक्षा खात्याची, आणि त्या खात्याचं मुख्यालय थेट नागपुरात. किट बसवणारा वर्कशॉपवाला किट कंपनीने नेमलेला हवा. मग आरटीओत पासिंग. मग आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/एलपीजी'. मग विमा कंपनीला कळवा. बीएस-6 गाड्यांना तर बाहेरून किट लावायची वाट 2022 च्या ऑगस्टमध्ये उघडली.

आणि तुम्ही? जेवून उठलात, तंबाखू मळलीत, आणि संध्याकाळच्या कसारा लोकलची माणसं उतरायच्या आत ओम्नी गॅसवर. पुणं नको, नागपूर नको. एक पाना, चार जुबली क्लिपा आणि बोटभर एम-सील. राज्याच्या दोन टोकांना बसलेल्या साहेबलोकांना जे काम करायला फायली लागतात, ते तुम्ही शर्टाच्या बाह्या न दुमडता उरकता.

माझं दुःख एवढंच की तुमच्या संशोधनाची कुठे नोंद नाही. ती मी करतो.

सुरुवात मागच्या सीटपासून करू. नियमातली टाकी जाड पोलादाची, गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी कायमची आवळलेली. तिच्या तोंडाशी झडप एकच, पण ती एकटी पाच जणींचं काम करते. टाकी 80 टक्के भरली की पुढचा गॅस आत घेत नाही. भरलेला गॅस उलटा बाहेर येऊ देत नाही. पुढची नळी तुटून गॅस भसकन सुटलाच तर स्वतः मिटते. टाकीभोवती आग लागून दाब वाढला तर तो सोडून देते. आत गॅस किती आहे तेही दाखवते. या झडपेवर हवाबंद डबी, आणि डबीतून गाडीच्या बाहेर काढलेली नळी. पाझर झालाच तर गॅसने रस्त्यावर जावं, मुलांच्या पायांशी नव्हे, म्हणून. अशी टाकी दर पाच वर्षांनी काढून तपासायची.

या साऱ्या खटाटोपाच्या जागी तुम्ही एक लाल बाटला ठेवलात. घरगुती, 14.2 किलोचा. बोल्ट नाहीत, कारण संपला की बदलायचाय. सायकलच्या जुन्या ट्यूबने सीटच्या पायाला बांधला की झालं. वरून गोधडी घातली की आरटीओलाही दिसत नाही आणि पोरांना टेकायलाही मऊ.

स्वयंपाकघरातला रेग्युलेटर शेगडीच्या दोन बर्नरांपुरता गॅस सोडतो. तेवढ्यावर 796 सीसीचं इंजिन चढावर दम टाकतं. मग तुम्ही रेग्युलेटरच काढून टाकलात. आता दम टाकतो तो बाटला. द्रव गॅसची वाफ होताना तो आपल्याच अंगातली उष्णता ओढून घेतो. बाटल्यावर आधी दव धरतं, मग पांढरी साय. दाब उतरतो आणि गाडी आचके देते. मंजूर किटमध्ये याच कारणासाठी व्हेपोरायझर असतो. टाकीतून द्रवच काढायचा, इंजिनाच्या गरम पाण्यावर त्याची वाफ करायची आणि मग ती पुढे द्यायची. तुमचा उपाय जास्त सुटसुटीत आहे: बाटला आडवा करा. आडवा केला की वाफेऐवजी द्रवच रबरी नळीत उतरतो. एका लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो, हे नळीला कुणी सांगितलेलं नसतं.

बिचारी नळी! ओट्याखाली एका जागी पडून राहायला जन्माला आली होती. तिला तुम्ही सीटखालून, पत्र्याच्या कडेवरून, गरम इंजिनाच्या अंगाने पुढे नेलंत आणि पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर सोडलंत.

मंजूर किटमध्ये इंजिन बंद पडलं की गॅस आपोआप तोडणारी विजेची झडप असते. अपघातात गाडी उलटली, चालक बेशुद्ध पडला, तरी इंजिन थांबलं की गॅस थांबतो. तुमच्याकडे हे काम चालकाच्या उजव्या हाताकडे आहे. उलटलेल्या गाडीतही तो हात मोकळा, शाबूत आणि कामात तत्पर असेल हा तुमचा माणसांवरचा विश्वास आजच्या काळात दुर्मीळ म्हणायचा.

थोडं गणित करू, कारण काट्यावर तुमचा जीव आहे. एलपीजी हवेत दोन टक्क्यांच्या आसपास मिसळला की पेट घेण्याजोगा होतो. ओम्नीच्या पोटातली हवा चार-पाच घनमीटर धरा. तिला ठिणगीच्या लायक करायला दोनशे ग्रॅम गॅस पुरतो. तुमच्या भरल्या बाटल्यात असे सत्तर हप्ते आहेत. तेही गॅस सगळीकडे सारखा पसरला तर. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर जातच नाही. सीटखाली, दप्तरांच्या मधे, पायपुसण्यावर साचून राहतो. आणि ओम्नीचं इंजिन असतं कुठे? पुढच्या सीटखाली. मारुतीने ही व्हॅन 1984 पासून 2019 पर्यंत विकली, त्यातल्या काही तर कारखान्यातूनच एलपीजीवर काढल्या. त्यामुळे या गाडीत गॅस बसत नाही असं कुणी म्हणणार नाही. बसतो, बसवणाऱ्याला बसवता आला तर.

त्यातून आपला पाऊस. जून ते सप्टेंबर तानसाच्या खोऱ्यात काचा उघड्या ठेवून कोण गाडी चालवील? बारा-पंधरा पोरं, ओले रेनकोट, बंद काचा. गॅसला स्वतःचा वास नसतो. तो समजावा म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी मिसळतात, कुजक्या कोबीसारखी. पोरांची नाकं चांगली असतात. ती म्हणतात, "काका, वास येतोय." काका म्हणतात, "गाडी गॅसवर आहे, वास येणारच." चार दिवसांनी पोरं विचारायची थांबतात. हा वास आला की पळायचं, एवढंच शिकवण्यासाठी तो घातलेला. तुम्ही तो सवयीचा करून दिलात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पुस्तकी. इतकी वर्षं गाड्या फिरतात, काय झालं?

फ्रान्समध्येही 1999 पर्यंत असंच म्हणत होते. त्या वर्षीच्या जानेवारीत ल्यों शहराशेजारच्या वेनिसिय गावात एक एलपीजी कार कुणीतरी पेटवून दिली. तिच्या टाकीला दाब सोडणारी झडप नव्हती. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान जवळ पोचले आणि टाकी फुटली. ते भयंकर जखमी झाले. ती झडप सक्तीची झाली ती त्यानंतर. तुमच्या बाटल्याला गाडीबाहेर दाब सोडणारी झडप आहे का, हे मी विचारत नाही. तो अवमान होईल.

इतकं लांब जायचीही गरज नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्या जळगावात, भरवस्तीत, ओम्नीमध्ये घरगुती गॅस भरताना भडका उडाला. दहा जण होरपळले. पुढच्या दिवसांत त्यांच्यातले कित्येक इस्पितळात एकामागून एक गेले. भरणारा तुमच्याच शाळेतला असणार. घरगुती बाटला उलटा करायचा, विजेची मोटर लावायची आणि गाडीच्या टाकीत गॅस ढकलायचा, ही तुमची दुसरी पद्धत. पेट्रोल पंपावर मोबाइल काढला तर पंपवाला अंगावर येतो. तुम्ही गॅसच्या ढगात चक्क मोटर चालवता. टाकी किती भरली हे काटा सांगतो आणि काट्याकडे तुमचा पोऱ्या बघतो, तोही दुसऱ्या हातातला चहा सांभाळून. द्रव एलपीजी उन्हात पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त फुगतो. वरची 20 टक्के जागा मोकळी ठेवायची ती त्याला फुगायला. ती उरली नाही तर दाब वाढत नाही, उसळतो. मे महिन्यात शहापूर स्टँडवर दुपारी उभ्या गाडीच्या टपाला एकदा हात लावून बघा, म्हणजे आत काय चाललं असेल ते कळेल.

एलपीजीवर माझा राग नाही, हे इथे सांगायला हवं. कोलकात्याच्या रिक्षा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एलपीजीवर गेल्या, बंगळुरूतही रिक्षा त्यावर धावतात. युरोपात गॅसवरच्या मोटारींची टाकी, झडप, नळी यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला 67 क्रमांकाचा नियमच आहे. तपासलेल्या किटवरची एलपीजी गाडी पेट्रोलच्या गाडीहून धोक्याची मानायचं कारण नाही. धोका गॅसमध्ये नाही हो, तुमच्यात आहे.

चालकावर माझा राग कमी. गाडीचा हप्ता, सीटवर ठरलेलं भाडं, शाळेच्या पालकांनी महिन्याला घासाघीस करून ठरवलेली रक्कम, आणि पेट्रोलचा भाव यांत तो पिचलेला असतो. मुंबईच्या टॅक्सी-रिक्षा न्यायालयाच्या रेट्याने सीएनजीवर गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी पंपही उभे राहिले. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबई पिते, पण उलट दिशेने येणाऱ्या सोयी भातसाच्या पुलापाशी थबकतात. ऑटो एलपीजीचा पंप रोजच्या वाटेवर नसला, की मंजूर किट लावलेला सरळमार्गी माणूसही शेवटी तुमच्या शेडकडे वळतो. हे खरं आहे आणि त्याची लाज ज्यांना वाटायला हवी ते या पत्राचे धनी नाहीत. त्यांना वेगळं पत्र.

पण चालकाला टाकीवरची ती झडप काय असते हे ठाऊक नसतं. तुम्हाला असतं. जुन्या गाड्यांच्या मंजूर टाक्या तुमच्याकडे येतात तेव्हा तुम्हीच ती पितळी झडप खोलता, वेगळी ठेवता आणि भंगारात चढ्या भावाने विकता. तिचं वजन तुम्हाला ग्रॅममध्ये माहीत आहे. म्हणून अडाणीपणाची सबब तुम्हाला मिळणार नाही. आणि तुमच्या घरच्या गाडीत, जिच्यातून तुमची नातवंडं म्हशाच्या जत्रेला जातात, कंपनीतून बसून आलेलं सीएनजी आहे. ते कसं?

बाटले कुठून येतात तेही गावाला ठाऊक आहे. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली ती कातकरी-ठाकर बायांच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून. तिच्यातल्या गॅसजोडणीला भरण्यामागे सबसिडी आहे, तरीही उरलेले पैसे एकरकमी जमवणं वीटभट्टीवरच्या घराला जड जातं. म्हणून चूल पेटलेलीच राहते, गॅसच्या पुस्तकावर मात्र बाटला उचलला जातो. पुस्तक कुणाकडे असतं, बाटला कुणाकडे जातो, हे तुम्ही मला सांगाल का, की मी तुम्हाला?

आता कायदा. घाबरू नका, त्याचाही तुमच्यावर लोभ दिसतो. मोटार वाहन कायद्याचं 182-अ कलम परवानगीशिवाय गाडीत फेरफार करणाऱ्याला सहा महिने कैद किंवा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड सांगतं, पण तो गाडीच्या मालकाला. पाना कुणी फिरवला याची तिथे चौकशी नाही. ज्वलनशील पदार्थाशी निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं 287 कलम. तिथे सहा महिने किंवा दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार! तुमच्या शेडमधल्या काट्याची किंमतही त्याहून जास्त असावी. अडचण होईल ती 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याची. घरगुती गॅस दुसरीकडे वळवल्याबद्दल त्यात सात वर्षांपर्यंत तुरुंग आहे. पण त्यासाठी आधी कुणीतरी धाड घालायला हवी. आणि धाड येणार हे आदल्या दिवशी तुमच्यापर्यंत पोचू नये, अशी काही व्यवस्था अजून कुठल्या मानकात बसलेली नाही.

कागद हवा असणाऱ्या चोखंदळ गिऱ्हाइकासाठी तुमच्याकडे कागदही असतो, हे विसरून चालणार नाही. कुठल्याशा किटच्या मंजुरीच्या दाखल्याची झेरॉक्स, तिच्यावर गोल शिक्का आणि पेनाने लिहिलेला गाडीचा नंबर. मूळ दाखल्यावर किटच्या प्रत्येक भागाचा तपशील आणि मुदत असते. झेरॉक्समध्ये ती जागा नेमकी काळी आलेली असते. तपासणाऱ्याने किटचा नंबर गाडीतल्या किटशी ताडून बघायचा असतो. त्यासाठी वाकावं लागतं, आणि बाटल्यावर तर गोधडी आहे.

शाळेची मुलं नेणाऱ्या वाहनांसाठी महाराष्ट्राने 2011 मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांत चालकाचा अनुभव आहे, दप्तरं ठेवायची जागा आहे, आग विझवायचं नळकांडं आहे. तुम्ही गॅसवर केलेल्या व्हॅनमध्ये ते नळकांडं मी पाहिलं. गोधडीच्या मागे, बाटल्याला टेकवून ठेवलंय. आग लागली तर ते घ्यायला आगीतून जावं लागेल.

तर शेठ, माझी विनंती लहानशी आहे. पुढची गाडी कराल, तेव्हा ती तुमच्या शेडच्या दारात उभी करा, काचा वर करा, मोटरने गॅस भरा आणि स्वतः मागच्या सीटवर बसा. सोबत घरातल्या कुणालाही घ्या, जागा बारा जणांची आहे. मग लांब नको, नुसती स्टेशनपर्यंत एक फेरी मारून या. तुम्ही बसलात तर मी स्वतः पुण्याला लिहीन की वेताळ टेकडी बंद करा, आमच्याकडे सोय झाली आहे.

कळावे, लोभ आहेच. तो कमी करावा ही विनंती.

आपला,
मागच्या सीटवरचा एक प्रवासी

ता. क. घरगुती बाटल्याच्या कडीखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आकडे वर्षाचे. त्या महिन्यापर्यंतच बाटल्याच्या तपासणीची मुदत. तुमच्या व्हॅनमधल्या बाटल्यावर 'सी-23' आहे, म्हणजे तो सप्टेंबर 2023 नंतर स्वयंपाकघरातही ठेवायचा नव्हता. ही अक्षरं वाचायला मी काही पालकांना शिकवलंय. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून इंधनाच्या रकान्यात नुसतं 'पेट्रोल' येतं की पुढे 'एलपीजी'ही येतं, ते बघायलाही. शाळा सुटायच्या वेळी तुमच्या व्हॅनभोवती बायाबापे वाकून, गोधडी उचलून बघताना दिसले, तर नवं गिऱ्हाईक आलं असं समजू नका.